परमुलखी जाण्यापूर्वी



लासुर्ण्यासारख्या गावी परदेशगमनावर व्याख्यान कशासाठी, असे कोणी विचारील. त्यावर माझे उत्तर असे की, बिऱ्हाड हलविणे ही गोष्ट या मुलखाला मुळीच नवी नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. त्यापूर्वी हा सारा प्रदेश कोरडवाहू, बाजरी-ज्वारीवर दिवस काढणारा. पाणी आले तशी माणसे आली. सासवडकडचे माळी बागाईतदार घरदार मागे ठेवून कालव्याच्या कडेने खाली सरकले, खंडाने जमिनी घेऊन ऊस लावू लागले, आणि १९३० च्या दशकात त्यांनी माळशिरस तालुक्यात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला. त्याच दशकात आपल्या शेजारी कळंबच्या माळावर वालचंदनगर वसले आणि कोठकोठचे कारागीर तेथे संसार घेऊन आले. या सभेत बसलेल्यांपैकी कित्येकांचे आजे-पणजे असेच गाडीत चूल-भांडी घालून आलेले असतील. पण त्यांचे येथे जमले नसते, तर चार मुक्कामांत ते आपल्या गावी परत पोचले असते आणि तेथील वाड्याचे दार त्यांना उघडे मिळाले असते.

परदेशी जाणाऱ्याचे तसे नसते. मध्ये राज्याची हद्द येते. ती ओलांडताना मनुष्य आपल्या हक्कांचा बराचसा भाग हद्दीवरच ठेवून पुढे जातो, आणि मागे राहिलेल्या वस्तूंवरचा त्याचा हातही सैल पडतो. म्हणून माझे आजचे सांगणे मुख्यतः एकच आहे. तिकीट, व्हिसा, लोकरीचे कपडे, मसाल्याचे डबे यांस आपण तयारी म्हणतो. ती निम्मी तयारी होय. उरलेली निम्मी येथे, मागे राहणाऱ्या घराची आणि परतीच्या वाटेची असते, आणि माणसे अडचणीत येतात ती बहुधा या दुसऱ्या निम्म्यात. तरी पहिलीपासूनच सुरुवात करू.

आपण कोणत्या कागदावर जाणार आहो, हे जाणाऱ्याला स्पष्ट ठाऊक हवे. ‘व्हिसा मिळाला’ हे वाक्य आपल्याकडे पेढे वाटण्यापुरते पुरेसे समजले जाते. व्हिसा फिरण्याचा, शिक्षणाचा की नोकरीचा? तो किती दिवसांचा? तो तुमच्या नावावर उभा आहे की तुमच्या मालकाच्या मर्जीवर? आखाती देशांत सामान्य नोकरदाराचा मुक्काम नोकरीशी बांधलेला असतो. तेथे २५ वर्षे राहूनही तो कायमचा रहिवासी होत नाही. एक दिवस परत यावयाचे, हे पहिल्या दिवशीच ठरलेले असते. अमेरिकेत एच-१बी नावाचा नोकरीचा परवाना प्रथम ३ वर्षांचा, पुढे वाढवून ६ वर्षांपर्यंतचा मिळतो. मध्येच नोकरी गेली तर दुसरी शोधण्यास साधारणतः ६० दिवसांची सवलत असते. कायम वास्तव्याची परवानगी तेथे नोकरीच्या वाटेने मागावी, तर एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या एकूण परवानग्यांपैकी सुमारे ७ टक्क्यांहून अधिक देता येत नाहीत, असा नियम आहे. भारतात जन्मलेल्यांची संख्या मोठी, म्हणून रांग दहा-दहा वर्षे आणि त्याहूनही लांबते. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून संशोधनाच्या पदवीखेरीज इतर बहुतेक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना पती, पत्नी वा मुले बरोबर नेता येत नाहीत. ‘आधी मी शिकायला जातो, मग सहा महिन्यांत हिला बोलावतो’ असा बेत केलेल्या तरुणाने हे लग्नाची तिथी धरण्यापूर्वी विचारलेले बरे. हे नियम वरचेवर बदलतात. गेल्या वर्षी गेलेल्या मावसभावाचा अनुभव खरा असेल, पण तो गेल्या वर्षीचा असतो. त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः, आज, वाचून घ्यावे.

कागदापाठोपाठ करारनामा येतो, आणि येथे मराठी माणसाच्या इतिहासातलेच एक उदाहरण आहे. १८३४ पासून मॉरिशसमधील उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटी मजूर जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरी वगैरे भागांतली मराठी माणसे होती. करार ५ वर्षांचा असे. मुदत संपल्यावर परतीचा प्रवास मालकाच्या वा सरकारच्या खर्चाने होईल, ही त्यातली मोठी आशा होती. परंतु ही सोय पुढे काढून टाकण्यात आली. परतीचे भाडे गाठीला नाही, म्हणून कित्येक जण तेथेच राहिले. त्यांचे वंशज आज तेथे गणेशोत्सव करतात, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि राहण्याचा निर्णय मूळ पुरुषाने आपखुशीने घेतला होता की कराराच्या एका कलमाने त्याच्यासाठी घेतला होता, हा प्रश्न उरतोच. उसातल्या आपल्या मंडळींना हे वेगळे समजावून सांगावयास नको. उचल घेऊन टोळीत गेलेल्या माणसाची स्थिती आपण दर हंगामात पाहतो.

म्हणून करारनाम्याची प्रत, आपल्याला वाचता येईल अशा भाषेत, निघण्यापूर्वी हातात हवी. पगार किती व कोणत्या चलनात, कामाचे तास किती, राहण्या-जेवणाचा खर्च कोणाचा, आजारपणाचा कोणाचा, परतीचे तिकीट कोण देणार, आणि दुर्दैवाने काही बरेवाईट झाल्यास देह घरी पोचविण्याची जबाबदारी कोणाची, ही कलमे एकेक करून वाचावीत. शेवटच्या कलमाविषयी बोलणे अशुभ वाटते, पण ते विमानतळावरून परतताना आठवण्यापेक्षा येथे घरी बसून विचारावे.

आपल्या देशाने १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने काही संरक्षण दिले आहे. जो दहावी उत्तीर्ण नाही त्याला आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागते. पुष्कळ जण ही अडचण समजतात आणि ती चुकविण्याच्या युक्त्या शोधतात. वस्तुतः ती मंजुरी म्हणजे तुमचा करार सरकारच्या दप्तरी नोंदला गेल्याची पावती असते, आणि तिच्याबरोबर १० लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमाही येतो. माणसे पाठविणाऱ्या एजंटाजवळ सरकारी परवाना असावा लागतो; त्याचे नाव ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. त्याने उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेऊ नये, असा नियम आहे. दोन लाख, चार लाख मागणारा आणि पावती न देणारा एजंट भेटला, तर त्या आकड्यावरूनच त्याची ओळख पटावी. या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याचा मसुदा सरकारने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेला आहे. तेव्हा निघताना त्या दिवशीचा नियम कोणता, हेही पाहावे. ‘आता फिरायच्या व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर नोकरीचा करून देतो’ हे वाक्य कानी पडले की तेथून उठावे. अशाच वाक्यावर विश्वास ठेवून थायलंडमार्गे म्यानमार-कंबोडियात नेलेले, डांबून ठेवून संगणकावरून लोकांना फसविण्याच्या कामास जुंपलेले शेकडो भारतीय तरुण २०२२ नंतरच्या वर्षांत सरकारला सोडवून आणावे लागले. ते सारेच अडाणी नव्हते. पुष्कळ पदवीधर होते.

आता नावाविषयी. हा विषय हास्यास्पद वाटेल, पण माझ्या मते मराठी माणसाइतका नावापायी कोणी अडत नसेल. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव पहिले, मग स्वतःचे, मग वडिलांचे. पासपोर्टावर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि उरलेले वेगळ्या. आधार कार्डावर तिसराच क्रम. त्यात इंग्रजी अक्षरांची तऱ्हा: एके ठिकाणी ‘शिंदे’ मध्ये ‘एच’ आहे, दुसरीकडे नाही. मुलींची गोष्ट तर विचारू नका. लग्नाआधीचे नाव पदवीवर, लग्नानंतरचे आधारवर, आणि सासरी ठेवलेले तिसरेच नाव पत्रिकेवर. येथे तलाठी, पोस्टमन, बँकेचा शिपाई सगळे ओळखतात म्हणून चालून जाते. परक्या देशाच्या अधिकाऱ्यापुढे या तीन बायका तीन वेगळ्या व्यक्ती ठरतात. संयुक्त अरब अमिरातींनी तर नोव्हेंबर २०२२ पासून, ज्याच्या पासपोर्टावर आडनावाचा वा नावाचा रकाना कोरा आहे अशा प्रवाशाला भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारण्याचे धोरण ठेवले. तेव्हा सगळे कागद एका टेबलावर मांडून अक्षर न अक्षर ताडून पाहावे. बदल करावयाचा तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करण्यापासून सुरुवात होते आणि त्यास महिने लागतात. जन्माचा दाखला आणि विवाहनोंदणीचा दाखलाही हवाच. देवळात लग्न लागले, फोटो आहेत, पाचशे पाने उठली होती, हा पुरावा परदेशी चालत नाही. घरी जन्मलेल्या वडीलधाऱ्या माणसांचा जन्म ग्रामपंचायतीत नोंदलेला नसेल, तर पुढे त्यांना बोलावताना तोच कागद आडवा येतो.

कागद खरा आहे अशी मोहोर उमटविण्याचेही दोन मार्ग आहेत. अपोस्टिल नावाचा आंतरराष्ट्रीय करार भारतात २००५ मध्ये लागू झाला. त्या करारातील देशांना परराष्ट्र खात्याची एक मोहोर पुरते. कॅनडा जानेवारी २०२४ पासून त्यात आला. अमिराती, कतार, कुवेत त्यात नाहीत, म्हणून तिकडे जाणाऱ्याला त्या देशाच्या वकिलातीची मोहोर आणखी घ्यावी लागते. हे काम मुंबईत व दिल्लीत होते, आठ दिवसांत होईल असे धरून चालू नये.

आता शरीराकडे वळू. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या तेव्हा त्यांचे वय १८ होते. जूनमध्ये त्या अमेरिकेस पोचल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये त्यांनी पदवी मिळविली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षे पुरी होण्यापूर्वी, पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. आपला पोशाख आणि आपला आहार सोडावयाचा नाही असा निश्चय करून त्या गेल्या होत्या. फिलाडेल्फियाचा हिवाळा, नीट न तापणारी खोली, अपुरे अन्न आणि अभ्यासाचे ओझे या सर्वांचा त्यांच्या मुळात नाजूक प्रकृतीवर परिणाम झाला. त्या काळी क्षयावर औषध नव्हते, त्यामुळे केवळ थंडीला दोष देणे बरोबर होणार नाही. परंतु त्यांची थोरवी गाताना आपण या भागावरून घाईने पुढे जातो, ते मला पटत नाही. ज्यांनी त्यांना पाठविले त्यांनी विद्येचा विचार केला होता. खोली कशी तापेल आणि शाकाहारी मुलगी तीन वर्षे काय जेवेल, याचा पुरेसा केलेला दिसत नाही.

आज विमानात शाकाहारी जेवण मिळते आणि लंडनच्या दुकानात ज्वारीचे पीठही मिळते. तरी प्रश्न संपलेला नाही. जेथे डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो तेथे आपल्याकडच्या उन्हात वाढलेल्या माणसाला उदासीनता येते. हा त्याचा नेभळटपणा नव्हे, शरीराचा धर्म आहे, हे घरच्यांनी फोनवर बोलताना ध्यानात ठेवावे. दात व डोळे येथेच तपासून, दुरुस्त करून जावे. अमेरिकेत एका दाताचा खर्च ऐकून दुसरा दुखू लागतो. विम्याशिवाय तेथे एक दिवसही राहू नये. नेहमीची औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्यावीत, आणि ती त्या देशात चालतात की नाही हे आधी पाहावे. ट्रामाडॉल, कोडीन यांसारखी येथे सहज लिहून दिली जाणारी औषधे अमिरातींत पूर्वपरवानगीवाचून नेणे गुन्हा ठरू शकतो. आणि आमच्या माताभगिनींना एक खास विनंती. दिवाळीचे अनारसे मुलाबरोबर दुबईला, सौदीला वा सिंगापूरला धाडू नका. त्यावरची खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून त्या देशांत ती बंदी असलेल्या वस्तूंत मोडते; तिच्यापायी माणसे तुरुंगात गेली आहेत. ऑस्ट्रेलियात बियाणे, दुधाचे पदार्थ, फळे यांवर कडक निर्बंध आहेत. तेथे बरोबरचा प्रत्येक खाद्यपदार्थ उतरताना जाहीर करावा. लपविल्यास मोठा दंड होतो.

भाषेविषयी थोडक्यात. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडच्या परिचारिका व तंत्रज्ञ मुलामुलींत जर्मनीचे नाव निघू लागले आहे. चांगली संधी आहे. पण तेथे परिचारिकेला पूर्ण मान्यता मिळण्यास सामान्यतः बी-२ पातळीची जर्मन लागते. ती तीन महिन्यांत येत नाही. नियमित अभ्यास करणाऱ्याला वर्ष-दीड वर्ष लागते. जो एजंट भाषेचा विषय हसण्यावारी नेतो, त्याला नोकरीचीही फारशी काळजी नाही असे समजावे.

समजा, कागद चोख आहे, प्रकृती उत्तम आहे, भाषाही थोडीबहुत येते. तरी मन रमेल की नाही? येथे मी कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचे उदाहरण देतो. अलिबाग-पेण भागांत तेलघाणे चालविणारी, शनिवारी काम बंद ठेवणारी म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटली जाणारी ही मराठी बोलणारी ज्यू मंडळी. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि ती तिकडे जाऊ लागली. पोचताच नागरिकत्व, धर्म तोच, स्वागताला सरकारी संस्था. याहून अनुकूल परदेशगमन कोणते असणार? तरीही १९५१-५२ मध्ये बीरशेबा येथील काही कुटुंबांनी काम, घर आणि मिळणारी वागणूक यांविषयी तक्रार करून, आम्हांला भारतात परत पाठवा म्हणून धरणे धरले. १९५२ मध्ये त्यांतल्या शंभराहून अधिक जणांना विमानाने परत आणण्यात आले. येथे आल्यावर मात्र त्यांना दिसले की, घरे दुसऱ्यांकडे गेली आहेत, जुन्या नोकऱ्या भरल्या गेल्या आहेत, आणि पुष्कळांनी पुन्हा इस्राएलला जाण्याची मागणी केली. पुढे विवाहाच्या बाबतीत त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली गेली. त्याविरुद्ध लढून १९६४ मध्ये त्यांनी समान हक्काची मान्यता मिळविली. आज ती मंडळी तेथे स्थिरावली आहेत, आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी चालविले.

या हकिकतीतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग धरण्याचा नाही, परत आल्यानंतरचा आहे. तिकडे न जमणे हे कोणाच्याही बाबतीत घडू शकते. पण परत आल्यावर पाय ठेवायला जागा असेल की नाही, हे निघण्यापूर्वीच्या व्यवहारावर ठरते. आणि आपल्याकडे तो व्यवहार म्हणजे मुख्यतः जमीन.

परदेशी जाण्यासाठी जमीन विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याला भावनेपेक्षा कायद्याचे कारण मोठे आहे. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी मनुष्य आधीच शेतकरी असावा लागतो, ही १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ ची अट आहे. शेवटचा तुकडा विकून गेलेला मनुष्य परत आल्यावर, हाती पैसा असूनही, सहजासहजी शेतकरी होऊ शकत नाही. त्यात आणखी, परदेशी राहणाऱ्या भारतीयाला परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे शेतजमीन विकत वा बक्षीस घेता येत नाही. पूर्वीची असलेली ठेवता येते, वारशाने आलेली घेता येते, आणि विकावयाची झाली तर ती भारतात राहणाऱ्यालाच विकावी लागते. म्हणजे सुटले ते सुटले. कर्जच काढावे लागले तर जमीन तारण ठेवून बँकेचे काढावे, आणि परतफेडीचा हिशेब नोकरी सहा महिने उशिरा लागेल असे धरून करावा.

मग मागे राहिलेली जमीन करणार कोण? बहुधा भाऊ, चुलतभाऊ किंवा शेजारी. वाट्याने किंवा खंडाने. विश्वासाचे माणूस आहे, लिहून काय घ्यायचे, असे म्हणून तोंडी ठरते. १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन आणि त्यानंतर ज्यांची जमीन कुळांकडे गेली ती घरे याच तालुक्यात आहेत. तोंडी वहिवाट काय करू शकते हे त्यांना विचारावे. कसणाऱ्याला त्याचा हक्क मिळाला हे न्यायाचेच झाले. पण तुमचा हेतू जमीन देऊन टाकण्याचा नसेल, तर तो कागदावर असावा. वकिलाकडून मुदतीचा लेखी करार करून घ्यावा. सातबारावर पीक कोणाच्या नावे लागते हे दर हंगामात पाहावे. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर होऊ लागली आहे, आणि सातबारा तर बर्लिनमध्ये बसूनही पाहता येतो. त्यामुळे ‘लांब होतो, कळले नाही’ ही सबब आता उरली नाही. एकत्र नावावर असलेल्या जमिनीचे वाटप, वडिलांच्या पश्चात वारसनोंद, बहिणींचे हक्क, बांधाचा वाद, ही सारी कामे निघण्यापूर्वी उरकावीत. भावाभावांत गोडी आहे तोवर तहसीलदारापुढे वाटप सोपे असते. एक जण डॉलर मिळवू लागला की तीच गोडी किती टिकेल, हे सांगता येत नाही.

बागाईताला याहून बारीक तपशील आहेत. कालव्याच्या पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज कोण भरणार? पाळी रात्री दोनला आली तर दारे धरायला कोण उभे राहील? कारखान्याकडे उसाची नोंद कोणाच्या नावे, बिल कोणत्या खात्यात? सोसायटीचे पीककर्ज ३१ मार्चच्या आत कोण भरणार, आणि आपण कोणाला जामीन आहो काय? स्वतःचे कर्ज आठवते, जामीनकी विसरते. भवानीनगरच्या कारखान्याचा शेअर, पतसंस्थेतली ठेव, विजेच्या मोटारीचे मीटर, यांची एक यादी करावी. हे सारे ज्याच्यावर सोपवावयाचे त्याला मुखत्यारपत्र द्यावे. पण ते ‘सर्व अधिकारांचे’ नको. कोणती कामे, किती मुदतीसाठी, आणि विक्रीचा व गहाणाचा अधिकार नाही, असे लिहून नोंदवावे. परदेशातून मुखत्यारपत्र पाठवावयाचे झाल्यास ते भारतीय वकिलातीत करून घेता येते आणि महाराष्ट्रात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर येथला मुद्रांक लावावा लागतो. मुखत्यारपत्र देणारा मरण पावला की ते त्या क्षणी संपते. म्हणून मृत्युपत्राची जागा ते घेऊ शकत नाही.

बँकेचे खातेही बदलते. परदेशी राहावयास गेलेल्याने आपले साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे नियमाला धरून नाही. ते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. भाडे, ऊसबिल यांसारखे येथले उत्पन्न एनआरओ खात्यात, आणि तिकडची कमाई इकडे आणण्यासाठी एनआरई खाते. बँकेत जाऊन अर्ज देण्यास अर्धा दिवस लागतो.

आईवडिलांविषयी बोलताना मी जरा थांबतो, कारण येथे हिशेब पुरा पडत नाही. मुलगा निघताना वडील म्हणतात, ‘आमची काळजी करू नकोस, आम्ही धडधाकट आहोत.’ ते खरे असते. पण ते साठाव्या वर्षी म्हणतात आणि मुलगा परततो तेव्हा पंचाहत्तरी उलटलेली असते. त्यांना तिकडे नेऊ, असे पुष्कळ जण मनाशी ठरवितात. आईवडिलांना कायमचे नेण्याचा मार्ग इंग्लंडमध्ये जवळजवळ बंद आहे, आखातात तो मोठ्या पगाराच्या नोकरदारालाच परवडतो, आणि जेथे तो खुला आहे तेथेही ज्या आईचा सगळा दिवस ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलण्यात जातो, तिला बारावा मजला मानवेल काय, हे तिलाच विचारले पाहिजे. म्हणून निघण्यापूर्वी एक बैठक घरात व्हावी. मध्यरात्री छातीत दुखू लागले तर बारामतीला कोणाच्या गाडीने जावयाचे. दवाखान्यात सही कोण करील. पैसा कोणत्या खात्यातून निघेल, आणि ते खाते दोघांपैकी कोणालाही चालविता येते काय. बहीण जवळ असेल तर तिच्यावर सारा भार पडणार, त्याबद्दल तिला व मेव्हण्यांना विचारले आहे काय, की गृहीत धरले आहे? आणि एक अवघड प्रश्न: शेवटचे दर्शन. अमेरिकेतून लासुर्ण्याला पोचण्यास, तिकीट लगेच मिळाले तरी, दीड दिवस सहज जातो. थांबावयाचे की न थांबता विधी उरकावयाचे, हे वडिलांनी आपल्या तोंडाने सांगून ठेवले, तर मागाहून भावांत बोलाचाली होत नाही आणि दूर असलेल्याच्या मनाला जन्मभर टोचणी लागत नाही.

नागरिकत्वाचा प्रश्न पुढच्या वर्षांचा असतो, पण त्याची जाणीव आज असावी. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आपणहून घेतले की, १९५५ च्या कायद्याने, भारताचे संपते आणि पासपोर्ट परत करावा लागतो. ओसीआय कार्ड मिळते, त्याने व्हिसावाचून येता-राहता येते. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. नुसता नोकरीसाठी बाहेर असलेला भारतीय नागरिक मात्र मतदार राहू शकतो. त्यासाठी परदेशस्थ मतदार म्हणून ६-अ अर्ज भरावा लागतो आणि मत देण्यास प्रत्यक्ष येथल्या केंद्रावर यावे लागते.

मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी परतीचे वर्ष मनाशी धरून ठेवावे. आठ-दहा वर्षांचे मूल परत येऊन मराठी शाळेत वा इंग्रजी शाळेत रुळते; पंधराव्या वर्षी आणलेले मूल रडकुंडीला येते, कारण त्याच्या दृष्टीने तेच परदेशी येत असते. आईवडील त्याला ‘घरी परत आलो’ म्हणतात, आणि त्याचे घर मात्र तिकडे राहिलेले असते.

निघण्याच्या आठवड्यात एक जाड वही करावी आणि ती घरातल्या कपाटात ठेवावी, मोबाइलमध्ये नव्हे. तीत पासपोर्ट, व्हिसा व करारनामा यांच्या प्रती चिकटवाव्यात. तिकडचा पत्ता, मालकाचे वा महाविद्यालयाचे नाव, बरोबर राहणाऱ्या एखाद्या मित्राचा क्रमांक, तेथील भारतीय वकिलातीचा क्रमांक, आणि परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ या तक्रारीच्या संकेतस्थळाचे नाव लिहावे. विम्याची कागदपत्रे, बँकेची खाती, मुखत्यारपत्र कोणाकडे आहे, वकील कोण, हे दुसऱ्या पानावर. आईला वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या एखाद्या पुतणीला ती वही एकदा पुरती वाचून दाखवावी आणि कपाटाची किल्ली कोठे असते ते सांगून ठेवावे.